नदी : माता, अज्ञान आणि ठेव

मराठी शाळेंत शिकलेला असा विद्यार्थी विरळाच, कीं ज्यानें कधीं ना कधीं नदीचें आत्मवृत्त लिहिलें नाहीं. या निबंधाची घडण ठरलेली असते. नदी डोंगराच्या कुशींत जन्म घेते, अल्लडपणें बागडत खालीं उतरते, शेतें पिकविते, तहानलेल्यांस पाणी पाजते. मग शहर येतें, नदी मलिन होते, आसवें ढाळते. आणि शेवटच्या चार ओळींत लेकरांनीं आतां तरी जागें व्हावें अशी विनवणी करून सागरास मिळते. परीक्षक दहांपैकीं सात गुण देतो, आणि नदी, विद्यार्थी व परीक्षक हे तिघेही आपापल्या मार्गास लागतात. या निबंधास हसावें असा आमचा हेतु नाहीं. उलट आमचें म्हणणें असें कीं, नदीविषयींच्या आमच्या बहुतेक लेखनाचे गुण व दोष या बाळबोध निबंधांत जसेच्या तसे उतरले आहेत. त्या लेखनाची परीक्षा करावयाची तर येथून आरंभ करणें सोईचें आहे.

ही परीक्षा आजच करण्याचें कारणही सांगितलें पाहिजे. गेल्या दहा वर्षांत एक नवी गोष्ट घडून आली आहे. ज्या वयांत आमच्या पिढीनें नदीचीं आत्मवृत्तें लिहिलीं, त्याच वयाचीं मुलें आज निरनिराळ्या देशांत नदी, अरण्य व हवा यांच्या संबंधानें अर्ज, फिर्यादी व तक्रारी लिहूं लागलीं आहेत. हवामानांत होत असलेल्या पालटाचा सर्वांत मोठा भार आपल्याच पिढीवर पडणार, अशी त्यांची जाणीव आहे, आणि ती यथार्थ आहे. या लेखनास वाङ्मय म्हणावें कीं नाहीं, याविषयीं पंडितांत मतभेद होईल. परंतु जें लेखन एखाद्या वस्तूकडे पाहण्याची समाजाची दृष्टि बदलूं पाहतें, तें टीकाकाराच्या कक्षेबाहेर आहे असें आम्हांस वाटत नाहीं. कवितेप्रमाणें अर्जाच्याही मुळाशीं एक रूपक असतें. नदी आमची कोण आणि आम्ही नदीचे कोण, या प्रश्नाचें उत्तर त्यांत दडलेलें असतें.

अलंकारशास्त्रांत रूपकाची परीक्षा साधर्म्यावरून करतात. मुख आणि चंद्र यांत समान काय, एवढें पाहिलें कीं काम भागतें. पण ज्या रूपकावर समाज आपलें आचरण बेततो, त्याची परीक्षा याहून कडक असावयास पाहिजे. तें काय दाखवितें, काय झांकतें, आणि मनुष्याकडून काय करवितें, असे तीन प्रश्न त्यास विचारले पाहिजेत. नदीच्या बाबतींत आज तीन रूपकें आपल्यासमोर आहेत. त्यांस हेच प्रश्न विचारून पाहूं.

पहिलें रूपक अर्थात् मातेचें. त्याची परंपरा मोठी आहे. ज्येष्ठांत गंगा-दशहऱ्याच्या दिवसांत जगन्नाथ पंडिताची ‘गंगालहरी’ महाराष्ट्रांतील कितीएक घरांतून व घाटांवरून वाचली जाते. कवि तैलंग, नदी उत्तरेकडील, भाषा संस्कृत, पण भक्ति मात्र आपलीच. वाईस कृष्णामाईचे उत्सव घाटाघाटांवर होतात. काका कालेलकरांनीं नद्यांवरील आपल्या गुजराथी लेखांच्या संग्रहास ‘लोकमाता’ हेंच नांव दिलें. साताऱ्यास जन्मलेल्या या लेखकाच्या बालपणींची नदी कृष्णा होती. हें रूपक कृतज्ञता दाखवितें, आणि कृतज्ञता ही कांहीं लहानसहान गोष्ट नव्हे. शिवाय जुन्या भक्तीनें मनुष्याकडून कांहीं करविलेंही आहे. नर्मदेची परिक्रमा करणारा नदी उजव्या हातास ठेवून चालतो आणि तिचें पात्र ओलांडीत नाहीं. रायगड जिल्ह्यांत महाडजवळ वाळण कोंड म्हणून काळ नदीचा डोह आहे. तेथील मासे देवीचे मानले जातात, म्हणून कोणी त्यांस धरीत नाहीं, आणि ते तेथें सुखानें नांदतात. हीं दोन्ही उदाहरणें नीट पाहिलीं म्हणजे त्यांतील एक समान गोष्ट ध्यानांत येते. दोन्हींत भक्तीबरोबर एक निषेध आहे. जेथें भक्तीस निषेधाची जोड आहे तेथें ती नदीच्या उपयोगी पडली आहे. जेथें ती जोड नाहीं तेथें भक्ति केवळ भक्ताच्या उपयोगी पडली आहे.

आणि ही जोड पुष्कळ ठिकाणीं केव्हांच सुटली. निषेध गळाला आणि स्तुति तेवढी उरली. अशा वेळीं मातेचें रूपक काय झांकूं लागतें, तें पाहण्यासारखें आहे. आई क्षमाशील असते. लेकरानें अंगावर घाण केली तरी ती त्यास दूर लोटीत नाहीं. आई निरपेक्ष असते. ती हिशेब मागत नाहीं. त्यांत ही माता पतितपावन. जी सर्वांस पावन करते तीच मलिन झाली, हें वाक्य भक्ताच्या व्याकरणांत बसतच नाहीं. अशा रीतीनें जें रूपक कृतज्ञतेसाठीं निघालें, तेंच अपराधाचें पांघरूण झालें. शाळेंतल्या निबंधांतील नदी रडते, विनविते. पण ती कोणाचें नांव घेत नाहीं, तारीख सांगत नाहीं, मोजमाप देत नाहीं. ‘मानवानें मला मलिन केलें’ असें ती म्हणते. हा मानव कोण, कोठें राहतो, त्याचें गटार कोणत्या नाल्यास मिळतें, हें त्या निबंधांत कधींही येत नाहीं.

तें मोजमाप दुसरीकडे मात्र छापून पडलें आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत देशांतील २७९ नद्यांवर ३११ दूषित पट्टे दाखविले, आणि त्यांपैकीं ५५ महाराष्ट्रांत, म्हणजे इतर कोणत्याही राज्याहून अधिक. पाण्यांतील सेंद्रिय घाण कुजविण्यास सूक्ष्म जंतूंना किती प्राणवायु लागतो, यावरून हें मापन करतात. लिटरमागें ३ मिलिग्रॅमहून अधिक लागला कीं पट्टा दूषित समजावयाचा. आपल्याकडे तपासणीचीं ठिकाणें पुष्कळ, म्हणून पट्टे अधिक सांपडले असें कोणी म्हणेल, आणि त्यांत तथ्यही असेल. पण त्यामुळें सांपडलेलें पाणी शुद्ध ठरत नाहीं. याच मंडळाच्या २०२१ सालच्या हिशेबाप्रमाणें देशांतील शहरांतून दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतें, आणि त्यांपैकीं २०,२३५ दशलक्ष लिटरांवरच प्रत्यक्ष शुद्धीकरणाची क्रिया होते. म्हणजे शंभर घागरींपैकीं अठ्ठावीस घागरी शुद्ध होतात, आणि उरलेल्या बहात्तर मातेच्या ओटींत जातात. ज्या प्रांतांत नदीस ‘माई’ म्हटल्यावांचून कोणी तिचें नांव घेत नाहीं, त्याच प्रांतांत आळंदीस इंद्रायणीच्या पाण्यावर फेंस तरंगतांना वारकऱ्यांनीं अलीकडे अनेकदां पाहिला. मातृभक्तीचा दुष्काळ होता म्हणून हें घडलें, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं.

दुसरें रूपक न्यायालयांत जन्मास आलें. ता. २० मार्च २०१७ रोजीं उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानें गंगा व यमुना आणि त्यांच्या उपनद्या यांस कायद्याच्या दृष्टीनें सजीव व्यक्ति ठरविलें. देवाची मूर्ति आमच्या कायद्यांत व्यक्ति मानली जाते, आणि तिचा कारभार एखाद्या अज्ञानाच्या कारभाराप्रमाणें दुसऱ्यानें पाहावयाचा असतो, हा जुना दाखला या निर्णयाच्या पाठीशीं होता. तदनुसार ‘नमामि गंगे’ योजनेचे संचालक, राज्याचे मुख्य सचिव आणि महाधिवक्ता या अधिकाऱ्यांस नद्यांच्या आईबापांच्या जागीं नेमण्यांत आलें.

येथें मराठी वाचकानें क्षणभर थांबावें. वयांत न आलेल्यास आमच्या कायद्याची मराठी ‘अज्ञान’ म्हणते. सातबाराच्या उताऱ्यावर अज्ञान मुलाच्या नांवापुढें ‘अ. पा. क. आई’ अशी नोंद कितीएकांनीं पाहिली असेल : अज्ञानाचें पालन करणारी, आई. शतकानुशतकें जी सर्वांची पालनकर्ती म्हणून गायिली गेली, तीच या निर्णयांत अज्ञान झाली, आणि तिचीं लेकरें तिचे पालक झाले. निर्णयामागील कळकळीविषयीं आम्हांस शंका नाहीं. नदीस हक्क आहेत हें उघडपणें म्हणणें, हेंच एक धैर्य होतें. परंतु रूपक म्हणून पाहतां त्यांत मोठी विसंगति आहे. ज्या सरकारी यंत्रणेविरुद्ध नदीची तक्रार असावयाची, तिच्याच अधिकाऱ्यांस नदीच्या वतीनें बोलण्याचा अधिकार मिळाला. पुढें पूर येऊन कोणी मेला तर भरपाईचा दावा नदीवर, म्हणजे पालकांवर, चालेल काय, अशी शंका काढून राज्य सरकारच सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि जुलै २०१७ मध्यें या निर्णयास स्थगिति मिळाली. पालकत्वाचा मान पालकांस पेलवला. पालकत्वाचा खर्च दिसतांच त्यांनीं वरचें न्यायालय गांठलें.

याच्या शेजारीं दुसरें एक उदाहरण ठेवून पाहण्याजोगें आहे. त्याच मार्च महिन्यांत न्यूझीलंडच्या विधिमंडळानें व्हांगानुई नदीस व्यक्तित्व देणारा कायदा संमत केला. वरवर पाहतां दोन्ही गोष्टी एकच. पण तेथें हें व्यक्तित्व कोणी एका दिवसांत बहाल केलेलें नाहीं. त्या नदीकांठच्या माओरी लोकांनीं एकोणिसाव्या शतकापासून चालविलेल्या भांडणाचा तो निकाल आहे. नदीच्या वतीनें बोलणारे दोघे. एक राजसत्तेनें नेमलेला, दुसरा त्या लोकांनीं नेमलेला. नदीच्या आरोग्यासाठीं तीन कोटि डॉलरांचा निधीही बाजूस काढला आहे. त्या लोकांच्या समजुतींत नदी ही अज्ञान नव्हे, ती पूर्वज आहे. आणि पूर्वजाशीं बोलण्याची रीत अज्ञानाशीं बोलण्याच्या रीतीहून निराळी असते. तात्पर्य, रूपक आणि व्यवस्था हीं एकमेकांस साजेशीं असलीं तरच कायदा उभा राहतो. आपण रूपक मातेचें घेतलें, व्यवस्था अज्ञानाची केली, आणि निधीचा विचार तसाच राहिला.

तिसऱ्या रूपकाकडे वळतांना एका योगायोगाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. उत्तराखंडांत गंगा अज्ञान ठरली त्याच मार्च २०१७ मध्यें, त्याच राज्यांतील हरिद्वार येथें राहणाऱ्या रिद्धिमा पांडे नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलीचा अर्ज राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढें आला. कायद्याच्या भाषेंत ही मुलगी खरोखरीची अज्ञान. २०१३ च्या जूनमध्यें केदारनाथच्या बाजूस जो प्रलय झाला त्याची छाया तिच्या मनावर होती. पण तिच्या अर्जांत आसवें नाहींत. देशानें किती कर्बवायु हवेंत सोडावा याचें अंदाजपत्रक करावें, आणि बिघडलेलें हवामान सावरण्याची राष्ट्रीय योजना आखावी, अशी सरळ मागणी तींत आहे. आधारही भक्तीचा नव्हे, विश्वस्ताच्या कर्तव्याचा आहे : हवा, पाणी, नद्या या वस्तु सरकारच्या मालकीच्या नसून सरकारकडे ठेव म्हणून आहेत, आणि त्या पुढच्या पिढीस धडपणें परत मिळाल्या पाहिजेत. हें तत्त्व त्या मुलीनें शोधून काढलेलें नाहीं. हिमाचल प्रदेशांत एका विश्रामगृहाच्या सोईसाठीं बियास नदीचा प्रवाह वळविण्यांत आला होता, त्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९९६ मध्यें तें आमच्या कायद्यांत आणून ठेवलेलें होतें. पण तत्त्व पुस्तकांत असणें निराळें, आणि ज्याची ठेव त्यानेंच येऊन पावती दाखविणें निराळें.

जानेवारी २०१९ मध्यें हा अर्ज फेटाळला गेला. पर्यावरणावरील परिणामांची छाननी करण्याची तरतूद कायद्यांत आहेच, तेव्हां वेगळ्या आदेशाची जरुरी नाहीं, असा त्या निकालाचा आशय. प्रकरण पुढें सर्वोच्च न्यायालयाकडे गेलें. दुसऱ्या एका प्रकरणांत, माळढोक पक्ष्यांच्या रक्षणाच्या निमित्तानें, त्याच न्यायालयानें मार्च २०२४ मध्यें हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क राज्यघटनेच्या १४ व २१ या कलमांत अनुस्यूत असल्याचें मान्य केलें. दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशांत तर पंचवीस मुलें व तरुण यांनीं मिळून दावा केला, आणि एप्रिल २०१८ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें आमेझॉनच्या प्रदेशास हक्कांचा धनी ठरवून, त्याच्या रक्षणासाठीं पिढ्यापिढ्यांमध्यें करार करावा अशी सरकारास आज्ञा केली. तिची अंमलबजावणी रेंगाळली आणि अरण्यतोड चालूच राहिली, हें खरें. पण दोन पिढ्यांनीं समोरासमोर बसून कागदावर करार करावा ही कल्पना एकदां भाषेंत आली म्हणजे ती पुन्हां भाषेबाहेर घालवितां येत नाहीं.

या ठेवीच्या रूपकास आपले तीन प्रश्न विचारूं. तें दाखवितें तें हें कीं, नदीचा उपभोग घेणारे आपण धनी नसून सांभाळणारे आहों. ही ठेव मोठी विलक्षण. कारण तिचा ठेवीदार पुष्कळ वेळां अजून जन्मासही आलेला नसतो. तें करवितें तें हिशेब : किती घेतलें, किती उरलें, कोण जबाबदार, केव्हांपर्यंत. आईजवळ हिशेब काढणें हा कृतघ्नपणा. विश्वस्ताजवळ हिशेब मागणें हें कर्तव्य. आमच्या निबंधांतील नदीस जें साधलें नाहीं, तें नऊ वर्षांच्या मुलीच्या अर्जास साधलें, याचें कारण प्रतिभा नव्हे, रूपक होय.

पण या रूपकाचाही एक दोष आहे, आणि तो झांकून ठेवणें टीकाकारास शोभणार नाहीं. ठेव ही वस्तु असते. तिला स्वतःचें सुखदुःख नसतें. ठेवीदार व विश्वस्त यांच्यामधील हिशेब चुकता झाला कीं नदीचें स्वतःचें म्हणून कांहीं उरत नाहीं. वाळण कोंडांतील मासा या हिशेबांत कोठें बसतो? तो ना ठेवीदार, ना विश्वस्त. त्यास देवीनेंच आजवर सांभाळलें. म्हणून केवळ आकड्यांनीं मनें हालत नाहींत, माता म्हटल्याशिवाय लोक नदीकडे वळणार नाहींत, असें जे म्हणतात त्यांचें म्हणणें आम्ही सर्वस्वीं टाकाऊ मानीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, आई आजारी असतां जो मुलगा केवळ स्तोत्र म्हणतो आणि वैद्यास बोलावीत नाहीं, नाडीचे ठोके किती ते विचारीत नाहीं, त्याच्या मातृभक्तीवर कोणी विश्वास ठेवूं नये. मातेच्या रूपकास जुना निषेध परत द्यावा, आणि त्यास ठेवीच्या हिशेबाची जोड द्यावी; मग तें रूपक आजही समर्थ आहे.

येथें तरुणांविषयींही दोन शब्द बोलणें प्राप्त आहे; कारण आज त्यांच्याविषयीं एक नवेंच, गोड आणि धोक्याचें रूपक रूढ होत आहे. ‘हीं मुलेंच आतां नदी वाचवितील,’ असें आम्ही वडील मंडळी समारंभांतून म्हणतों. रविवारीं सकाळीं शेंपन्नास विद्यार्थी नदीपात्रांत उतरतात, प्लास्टिकच्या पिशव्या व निर्माल्य गोळा करतात, त्यांचें छायाचित्र छापून येतें, आणि आम्हांस कृतकृत्य वाटतें. त्या मुलांचे श्रम खरे आहेत, आणि नदी पाहण्यास तीं घराबाहेर पडलीं हा लाभही खरा आहे. पण ज्या वेळीं तीं पिशव्या वेंचीत असतात, त्याच वेळीं वरच्या अंगास नाल्यांतून न शुद्ध केलेलें पाणी पात्रांत येत असतें, आणि त्याचा बंदोबस्त मुलांच्या हातीं नसून कर भरणाऱ्या, मत देणाऱ्या व कचेऱ्या चालविणाऱ्या आमच्या हातीं आहे. मुलांकडून झाडू मागणें सोपें. मुलांचे प्रश्न ऐकून घेणें अवघड. तरुणांस ‘उद्याचे नागरिक’ म्हणणें हाही त्यांस आजच्या पुरतें गप्प बसविण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

शब्दांविषयींची ही सावधगिरी कोणास अनाठायीं वाटेल, म्हणून घरचेंच एक उदाहरण देतों. पुण्यांत मुळा-मुठेच्या संबंधानें दोन निरनिराळीं कामें चाललीं. एकांत ११ केंद्रें बांधून दररोज ३९६ दशलक्ष लिटर सांडपाणी शुद्ध करावयाचें. दुसऱ्यांत ४४ किलोमीटर लांबीचे कांठ बांधून काढावयाचे. लोकांच्या तोंडीं दोहोंसही ‘नदीसुधार’ हाच शब्द बसला. वस्तुतः नदी सुधारणें आणि नदीचा कांठ सुधारणें या दोन क्रिया आहेत; एकीचें कर्म पाणी, दुसरीचें कर्म दगडमाती. एप्रिल २०२३ मध्यें कांठचीं झाडें वाचविण्यासाठीं पुण्यांत चिपको पदयात्रा निघाली, तींत लहानथोर दोन्ही होते. त्या वादांत कोणाचा पक्ष किती बरोबर याचा निवाडा येथें करावयाचा नाहीं. पण वाद्यांनीं प्रथम केली ती गोष्ट टीकाकाराचीच होती. एका सामासिक शब्दाचा विग्रह करून, यांत नदी किती आणि कांठ किती, हें त्यांनीं विचारलें.

सारांश, मराठी लेखकांनीं नदीवर प्रेम करणें थांबवावें असें आम्ही म्हणत नाहीं. त्या प्रेमानें आतां वयांत यावें, एवढेंच आमचें मागणें आहे. नदीवर कविता लिहिणाऱ्यानें एकदां तरी आपल्या घराचें सांडपाणी कोणत्या वाटेनें कोठें जातें, हें चालत जाऊन पाहावें. शिक्षकांनीं आत्मवृत्ताचा निबंध अवश्य द्यावा. परंतु त्यांतील नदीनें रडण्यापूर्वीं आपलें उगमाजवळचें व शहराखालचें पाणी वेगवेगळें दाखवावें, आपल्यांत येणाऱ्या नाल्यांचीं नांवें सांगावीं, आणि विनवणी करावयाची ती कोणास, तें पत्त्यासह लिहावें. अशा निबंधास दहांपैकीं किती गुण द्यावे हें ठरविणें परीक्षकास जड जाईल. पण तो निबंध शाळेच्या कपाटांत राहणार नाहीं. तो कोणत्या ना कोणत्या कचेरींत जाऊन पोंचेल, आणि तेथें कोणास तरी त्याचें उत्तर द्यावें लागेल. ज्या लेखनास उत्तर द्यावें लागतें, तें लेखन नदीच्या कामास आलें असें समजावें.